नेमकं काय अडलंय?

चिनी वैद्यक शिकणाऱ्याला फार लवकर एक वाक्य पाठ होतं : 'बू थुंग त्स थुंग, थुंग त्स बू थुंग.' आपल्या कानाला हे कोडं वाटतं, कारण यातले 'थुंग' दोन वेगळे शब्द आहेत. एक सपाट सुरात म्हणायचा, त्याचा अर्थ आरपार जाणं, वाहतं असणं. दुसरा वरून खाली उतरत म्हणायचा, त्याचा अर्थ दुखणं. वाहत नाही तिथे दुखतं, वाहतं तिथे दुखत नाही, असं ते वाक्य सांगतं. एवढ्या चार-आठ अक्षरांत एका संस्कृतीने दुखण्याचं कारणही सांगितलं आणि उपायही.

हे वाक्य मराठी माणसाला परकं वाटू नये. आपलं अंग आखडतं आणि मग मोकळं होतं. आपल्याला उसण भरते. मार लागला की रक्त साकळतं. दुःखाने गळा दाटून येतो, छाती भरून येते आणि बोलून टाकलं की मन मोकळं होतं. शरीराबद्दलची आपली निम्मी भाषा तुंबण्याची आणि मोकळं होण्याची आहे. म्हणून एखादा ॲक्युपंक्चरवाला, म्हणजे चिनी पद्धतीने सुया टोचून उपचार करणारा, 'तुमची ऊर्जा अडली आहे' असं म्हणतो, तेव्हा आपण मान डोलावतो. आतून पटलेलं असतं. मला या मान डोलावण्याबद्दल लिहायचं आहे, कारण 'अडलंय' या शब्दाने माणसाला धीर मिळताना मी पाहिलं आहे आणि त्याच शब्दापायी घरातला एक माणूस अधू होतानाही पाहिलं आहे.

आधी मूळ कल्पना नीट समजून घ्यायला हवी. ती आपल्यापर्यंत फार मोडक्या रूपात पोचली आहे.

चिनी वैद्यकाचा पाया मानला जाणारा 'ह्वांगदी नेयजिंग' हा ग्रंथ साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात आकाराला आला. पीत सम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचा वैद्य ची-बो उत्तरं देतो, अशी त्याची रचना. त्याच्या पहिल्या भागाचा एकोणचाळिसावा अध्याय वेदनेवर आहे. वाहिन्यांतला प्रवाह अखंड फिरत असतो, असं ची-बो सांगतो. थंडी आत शिरली की तो मंदावतो, गोठल्यासारखा होतो. थंडी वाहिनीच्या बाहेर ठाण मांडून बसली तर रक्त कमी पडतं, आत बसली तर 'ची', म्हणजे श्वासावाफेसारखं जे काही वाहिन्यांतून वाहतं ते, पुढे सरकत नाही, आणि एकाएकी दुखू लागतं. याच अध्यायात पुढे मनाचं येतं. रागाने 'ची' वर चढतो, भीतीने खाली जातो, दुःखाने विरतो आणि फार विचार केल्याने त्याला गाठ बसते. शरीर आणि मन यांच्यामध्ये इथे भिंतच नाही. हिवाळ्यात खांदा धरणं आणि काळजीने पोटात गोळा येणं म्हणजे एकाच प्रवाहाचं दोन जागी अडणं.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात बाराव्या अध्यायात शरीरातल्या बारा मुख्य वाहिन्यांची तुलना त्या वेळच्या चीनमधल्या बारा नद्यांशी केली आहे. मला ही गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. चिनी आख्यायिकेत गुन नावाच्या माणसाने महापूर अडवायला बांध घातले आणि तो हरला. त्याचा मुलगा यू याने बांध सोडून पात्रं उपसली, पाण्याला वाट काढून दिली आणि तो जिंकला. पुढे राजा झाला. या उपसण्याला, वाट मोकळी करण्याला चिनीत 'शू' म्हणतात, आणि यकृताचा अडलेला प्रवाह मोकळा करण्याच्या उपचाराला आजही 'शू-गान' म्हणतात. गान म्हणजे यकृत. पाटाला पाणी का येत नाही म्हणून चारीच्या कडेने चालत जाऊन गाळ कुठे साचलाय हे शोधणारा पाटकरी ज्याने पाहिला आहे, त्याला हे वैद्यक समजावून सांगावं लागणार नाही.

मग यात 'ऊर्जा' कुठून आली? 'ची' लिहिण्याच्या जुन्या चिनी चिन्हात वाफेची खूण आहे आणि तिच्याखाली तांदळाची. शिजणाऱ्या भातावरची वाफ. हवा, श्वास, वाफ, हवामान, माणसाचा आवेश, सगळं त्या एका शब्दात मावतं. आपल्याकडे 'वात' किंवा 'प्राण' जसे एका खुंटीला बांधता येत नाहीत, तसंच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमध्ये राहून आलेला फ्रेंच लेखक जॉर्ज सूलिए द मोराँ याने या शब्दासाठी 'ऊर्जा' वापरला आणि युरोपात तोच रुळला. १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नेहमीची भूल देऊन झालं होतं. सुया टोचल्या त्या नंतर पोटात गॅस धरला म्हणून. त्यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला, सांगोवांगी 'सुयांवर ऑपरेशन झालं' अशी त्याची कथा झाली आणि ॲक्युपंक्चर पश्चिमेत सर्वतोमुखी झालं. तिथून 'ऊर्जा', 'मेरिडियन', 'ब्लॉकेज' असे शब्द लेवून ते आपल्याकडे आलं.

माझं म्हणणं आहे की या एका शब्दाने दोन्हीकडे नुकसान केलं. ऊर्जा हा भौतिकशास्त्राचा शब्द आहे, ती मोजता येते. तो शब्द वापरला की ऐकणाऱ्याला वाटतं, कुठेतरी मीटर आहे आणि त्यावर माझी ऊर्जा अडलेली दिसते आहे. मग खरोखरच तसलं यंत्र विकणारे उगवतात, तळहात यंत्रावर ठेवून अवयवांची 'ऊर्जा पातळी' छापून देणारे. आणि दुसरीकडे, नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या माणसांचं निरीक्षण करून बेतलेली एक सुंदर, सूक्ष्म भाषा विजेच्या तारांच्या पातळीवर उतरते.

ती किती सूक्ष्म आहे ते पाहा. चिनी वैद्य 'अडलं' एवढ्यावर थांबत नाही. 'ची' अडला आहे की रक्त, हे तो आधी ठरवतो. 'ची' अडला असेल तर दुखणं फिरतं असतं, फुगल्यासारखं, आज बरगडीखाली तर उद्या पोटात. माणूस उसासे टाकतो, चिडल्यावर दुखणं वाढतं, नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते. रक्त साकळलं असेल तर दुखणं एकाच जागी, भोसकल्यासारखं, रात्री जास्त. जीभ जांभळट, ओठ काळपट, नाडी खरखरीत. 'ची' हा रक्ताचा सेनापती आणि रक्त ही 'ची'ची आई, असं त्यांचं एक वचन आहे. सेनापती थांबला की फौज थांबते, म्हणून जुनं मनातलं दुखणं पुढे रक्तात उतरतं असं ते मानतात. उपचारही त्याप्रमाणे बदलतो. एका ठिकाणी सुया, दुसऱ्या ठिकाणी शेक, कुठे पेला लावणं. म्हणजे आपली तुंबडीच. आणि मुख्य म्हणजे काढे.

या काढ्यांचं सामान पाहिलं की मी दरवेळी थबकते. रक्त हलवणाऱ्या औषधांत 'होंगह्वा' हे पहिल्या रांगेतलं. होंगह्वा म्हणजे करडईचं फूल. सोलापूर आणि मराठवाड्याच्या कोरड्या रब्बीत उभी असते ती काटेरी करडई. गरोदर बाईला ते देऊ नये असंही त्यांचे ग्रंथ बजावतात. 'मोयाव' म्हणजे बोळ, आपल्या बाळंतिणीला देतात त्या हिराबोळाच्याच कुळातला. हळद त्यांच्याकडे प्रवाह मोकळा करणारी. आणि यकृताचा 'ची' मोकळा करणारं 'श्यांगफू' म्हणजे बांधावरच्या लव्हाळ्याची, मोथ्याची गाठ, जी शेतकरी तण म्हणून उपटून फेकतो. दोन लांबच्या देशांतल्या बायाबापड्यांनी आणि वैद्यांनी त्याच झाडांकडे वळावं, याला काहीतरी अर्थ असणार. पण तो अर्थ काय, हे झाड सांगत नाही, तपासूनच काढावं लागतं.

यकृताबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण या वैद्यकाची खरी ताकद मला तिथे दिसते. चिनी 'यकृत' म्हणजे आपल्या शवविच्छेदनातलं यकृत नव्हे. ते एक काम आहे, सगळं सुरळीत वाहतं ठेवण्याचं. अपमान गिळला, राग दाबला, घरात मन मारून राहिलं की ते कोंडतं. सोंग राजवटीच्या काळापासून यासाठी एक काढा दिला जातो, त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'मुक्त भटकंतीचं चूर्ण' असा होतो. १९८० च्या सुमारास अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी हुनान प्रांतात 'मज्जादौर्बल्य' असं निदान झालेल्या शंभर रुग्णांशी बोलून पाहिलं. डोकेदुखी, थकवा, झोप नाही, छातीत दाब, अशा त्यांच्या तक्रारी. त्यातल्या बहुतेकांना आधुनिक निकषांनी नैराश्य होतं. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत घरदार, माणसं, वर्षं गमावलेली ही माणसं. 'मी दुःखी आहे' असं म्हणणं तेव्हा राजकीय गुन्हा ठरू शकत होता आणि मनाचा आजार म्हणजे घराण्याला बट्टा. 'माझ्या छातीत काहीतरी अडलंय' हे मात्र म्हणता येत होतं.

हे वाचलं तेव्हा मला माझी मावशी आठवली. मावशीचे गुडघे दुखतात. बऱ्याच वर्षांपूर्वी ती एका ॲक्युपंक्चरच्या बाईंकडे जायला लागली. पहिल्या दिवशी बाईंनी तिची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली आणि पाऊण तास विचारत राहिल्या : झोप कशी लागते, कशाने चिडता, घरी कोण कोण आहे, मिस्टर गेल्यावर कधी मनसोक्त रडलात का. मावशी घरी येऊन म्हणाली, 'एवढं मला कुणी विचारलंच नव्हतं.' मोठ्या दवाखान्यात तिला तीन मिनिटं मिळत. त्यात एक्स-रे उजेडाकडे धरून बघणं आणि गोळ्या लिहिणं होई. चिनी वैद्यकाकडे जाणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा पाऊण तास आधी हिशेबात धरावा.

पण भाषा चांगली आहे म्हणून स्पष्टीकरण खरं ठरत नाही, आणि स्पष्टीकरण खोटं निघालं म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मला शिकवलं ते वांग छिंगरेन या चिनी वैद्याने. १७६८ चा जन्म. १७९७ मध्ये लुआनजोऊ भागात लहान मुलांची साथ आली. गरिबांची मेलेली मुलं चटईत गुंडाळून उथळ पुरत आणि कुत्री ती उकरून काढत. वांग दहा दिवस रोज सकाळी तिथे गेला आणि तिसाहून जास्त मुलांची उघडी पडलेली आतडी-काळजं पाहिली. ग्रंथांतल्या आकृत्या चुकीच्या आहेत, हे त्याला कळून चुकलं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची जागा नीट दिसली नव्हती म्हणून तो पुढे तीन दशकं विचारत राहिला. शेवटी अनेक प्रेतं पाहिलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्याने ते समजून घेतलं. १८३० मध्ये त्याचं पुस्तक आलं, पुढच्या वर्षी तो गेला. अवयव न जाणता इलाज करणारा वैद्य म्हणजे रात्री चालणारा आंधळा, असं त्याने लिहून ठेवलं. स्मरण आणि बुद्धी हृदयात नसून मेंदूत असते, हेही त्याने ठामपणे मांडलं.

एवढा सच्चा माणूस, आणि तरी तो मोठ्या चुका करून बसला. प्रेतातल्या धमन्या रिकाम्या दिसतात, म्हणून धमन्यांतून रक्त नव्हे तर 'ची' वाहतो असं त्याने ठरवलं. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटसने नेमकी हीच चूक केली होती. छातीत पडद्यावर रक्ताची एक कोठी असते असंही वांगला वाटलं, आणि त्या नसलेल्या कोठीतलं साकळलेलं रक्त हलवायला त्याने करडईचं फूल, पीचच्या बिया वगैरे घालून एक काढा बेतला. लकव्यासाठी दुसरा बेतला, 'पाच परत आणणारा'. शरीरात दहा भाग 'ची' असतो, पाच गेले की अर्धं अंग लुळं पडतं, अशी त्याची उपपत्ती. हे दोन्ही काढे आजही चीनमध्ये रोज दिले जातात. उपपत्ती तर साफ चुकीची आहे. काढे उपयोगी आहेत का? हा प्रश्न मोकळा आहे आणि त्याचं उत्तर वांगच्या पुस्तकात नाही, रुग्णांच्या नोंदींत आहे.

अशा नोंदी काय सांगतात? जर्मनीत विमा कंपन्यांच्या पैशाने झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रुग्ण. एका गटाला चिनी वैद्यकाने वाहिन्यांवर ठरवून दिलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४७.६ टक्के सुधारले, दुसऱ्यातले ४४.२ आणि तिसऱ्यातले २७.४. हे आकडे दोन्ही बाजूंना गैरसोयीचे आहेत. सुयांचा उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला, म्हणजे 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं. आणि सुई बिंदूवर लागली काय, भलतीकडे लागली काय, फरक जवळजवळ पडला नाही. म्हणजे अमुक वाहिनीवरचा अमुक बिंदू उघडून प्रवाह सोडवला, हे स्पष्टीकरण टिकत नाही. टोचणं, स्पर्श, शांत पडून राहणं, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय ही जाणीव, यांतलं काहीतरी काम करतं. पुढे हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासांत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस दिसल्या, पण फरक लहानच.

दुसरं उदाहरण काढ्यांच्या बाजूचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. 'थुंग-शिन-लुओ' नावाचं एक चिनी औषध आहे. थुंग म्हणजे तोच पहिला थुंग, वाहतं करणारा. शिन म्हणजे हृदय. लुओ म्हणजे बारीक वाहिन्यांचं जाळं. त्यात जिनसेंग आहे, जळू आहे, विंचू आहे. ऐकूनच कुणीही नाक मुरडेल. चीनमधल्या १२४ रुग्णालयांत हृदयविकाराचा मोठा झटका आलेल्या ३७७७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. सगळ्यांना आधुनिक उपचार मिळालेच. वर निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गोष्टी औषध घेणाऱ्यांत ३.४ टक्के घडल्या, इतरांत ५.२ टक्के. २०२३ मध्ये हे अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. एका चाचणीवर विसंबून विंचू खायला कुणी सुरुवात करू नये. ती दुसऱ्या देशांत, दुसऱ्या हातांनी पुन्हा व्हायला हवी. पण मार्ग हाच आहे. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो आणि त्यावरून बेतलेली औषधं आज हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात वापरतात. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथातली एक ओळ वाचली, वनस्पती पाण्यात भिजवून पिळायची. उष्णतेने द्रव्य मरत असावं हे त्यांनी ओळखलं आणि मलेरियाचं औषध हाती लागलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. जुन्या ग्रंथाचा मान त्यांनी राखला तो त्याला प्रश्न विचारून.

आता दुसरी बाजू, आणि ती लिहिताना माझा हात जड होतो.

'पक्षाघात झाला तर रुग्णाला हलवू नका, दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, कानाच्या पाळ्या चोळून टोचा, एका चिनी प्राध्यापकांचा उपाय' असा निरोप फोनवरून फिरत असतो. बोटांची टोकं टोचून रक्त काढणं हा खरोखरच जुना चिनी प्रकार आहे, त्यामुळे निरोपाला अस्सलपणाचा वास येतो. एका सकाळी माझ्या मामांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. घरात तो निरोप वाचलेला होता. दाभण तापवून बोटं टोचली गेली. रक्त आलं, मामा जरा हुशार वाटले, सगळे म्हणाले मोकळं झालं. पुन्हा बिघडले तेव्हा रिक्षा बोलावली. रुग्णालयात पोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती. मामांचा उजवा हात आजही छातीशी आखडलेला असतो. त्यांना पेन धरता येत नाही, आणि ते शिक्षक होते.

मामांच्या मेंदूत खरोखरच काहीतरी अडलं होतं. चिनी वाक्य अक्षरशः खरं होतं, वाहत नव्हतं. पण जे अडलं होतं ते रक्ताची गुठळी होती, मिलिमीटरभर नळीत, आणि ती कुठे आहे हे सीटी स्कॅनला दिसतं, बोटाच्या टोकाला नाही. कधी तर अडलेलं नसतंच, वाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. 'अडलंय' या शब्दाच्या पोटात उसण, दुःख, गुठळी आणि हृदयविकार इतकं सगळं बसतं, हेच त्याचं बळ आणि हाच त्याचा धोका.

दुसरा धोका गुपचूप येतो. रक्त वाहतं करणारी औषधं खरोखर रक्तावर परिणाम करत असतील, तर ती निरुपद्रवी असूच शकत नाहीत. 'दानशेन' हे चीनमधलं फार वापरातलं मूळ. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी घेणाऱ्यांनी ते सोबत घेतल्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. आणि ब्रुसेल्सची गोष्ट विसरता येणार नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात नावसाधर्म्यामुळे एका मुळीच्या जागी दुसरीच गेली, आणि शंभरहून अधिक बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, अनेकींची तर निकामी झाली. ती दुसरी मुळी आपल्या सापसंदाच्या कुळातली. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

म्हणून प्रश्न सरकारच्या दारात येतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. नोंदणीसाठी परिषद आहे. सुई टोचणारा माणूस कोण आहे, कुठे शिकला, हे शासनाला ठाऊक असावं, यात मला काहीच गैर वाटत नाही, उलट हवंच. जागतिक आरोग्य संघटनेनेही रोगांच्या ताज्या वर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचं प्रकरण घातलं. यकृताचा 'ची' कोंडणं यालाही त्यात सांकेतिक क्रमांक आहे. तो क्रमांक मोजणीसाठी आहे, तो गुणाचा दाखला नव्हे, हे मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही.

माझा आक्षेप 'पद्धती'ला मान्यता देण्याला आहे. एखाद्या पद्धतीवर एकदा शिक्का बसला की तिच्यातला प्रत्येक दावा त्या शिक्क्याखाली येतो. कंबरदुखीतला अनुभव मधुमेहाला, वंध्यत्वाला, पक्षाघाताला उसना दिला जातो. मान्यता द्यायची तर अमुक आजारात अमुक उपचाराला द्या. ब्रिटनमध्ये हे असंच चालतं. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर काढून टाकलं आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी ते सुचवलं. एकाच संस्थेने, त्याच सुयांबद्दल. कुणाच्या परंपरेचा त्यात अपमान झाला नाही. आपल्याकडे परिषदेने दर दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत ठळक अक्षरांत लिहायला लावावं : तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दाब, यांवर इथे उपचार होत नाहीत, १०८ ला फोन करा. आणि काढा देणाऱ्याने रुग्ण आधीच कुठल्या गोळ्या घेतो ते लिहून घेतल्याशिवाय पुडी बांधू नये.

यावर मला विचारलं जातं की आयुर्वेदाला तरी ही अट आहे का. नसेल तर लावा. आपलं म्हणून सूट आणि चिनी म्हणून संशय, हे मला मान्य नाही. आणखी एक आक्षेप येतो, तो मला जास्त खरा वाटतो : तुमचे चाचण्यांचे आकडे सरासरीचे असतात आणि चिनी वैद्य समोरच्या एका माणसाला बघतो, त्याचं बघणं आकड्यांत कसं मावणार? पूर्ण मावणार नाही. पण प्रत्येकाला वेगळा काढा देणाऱ्या वैद्याचीही चाचणी घेता येते. त्याला त्याच्या पद्धतीने निदान करू द्यावं, अर्ध्या रुग्णांना त्याचा काढा आणि अर्ध्यांना तसाच दिसणारा-लागणारा दुसरा द्यावा, आणि वाट पाहावी. हे अवघड आहे, खर्चिक आहे, पण अशक्य नाही.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, युद्धात जखमी झालेल्यांना वाचवायला, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्याच पथकातले बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी कोलकात्यात आणलं. एका पथकातून चाकूही गेला आणि सुईही आली. कुणी कुणाला हिणवलं नाही. त्या देवाणघेवाणीतला मोकळेपणा आज दोन्ही छावण्यांत हरवलेला दिसतो.

मावशी अजूनही त्या बाईंकडे जाते. गेल्या वर्षी एका गुरुवारी ती खाटेवर आडवी झाली आणि सहज म्हणाली, 'दोन दिवस जिना चढताना छाती भरल्यासारखी होते, जरा तीही मोकळी करा.' बाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. तिची नाडी धरली, मग म्हणाल्या, 'आज गुडघा राहू दे. आधी ईसीजी काढा, नेमकं काय अडलंय ते बघून या.' आणि स्वतः रिक्षा थांबवून तिच्याबरोबर गेल्या. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच बंद निघाली, स्टेंट घातली. तीन महिन्यांनी मावशी परत गेली तेव्हा बाईंनी सुया बाहेर काढण्याआधी तिच्या हातातली गोळ्यांची पिशवी मागून घेतली आणि एकेका पाकिटावरचं नाव वहीत उतरवत बसल्या.